तिथी कागदाची, तारीख संपादकाची

१/
महाराष्ट्रात शिवजयंती वर्षातून दोनदा साजरी होते : एकदा तारखेने, एकदा तिथीने. आमचे पनवेलही त्याला अपवाद नाही. तारीख खरी की तिथी, हा वाद आपण सर्वांनी ऐकला आहे आणि बहुतेकांनी हिरिरीने घातलाही आहे. आज त्याच वादाची एक अपरिचित बाजू पाहू. हा दिवस संगणकात नोंदवायचा झाला, तर तो नेमका कोठे लिहायचा? मजकुरात, की मजकुराला जोडलेल्या खुणेत? प्रश्न कारकुनी वाटतो. पण जुन्या कागदाचे म्हणणे आणि ते वाचणाऱ्याचे मत यांतील सीमारेषा याच प्रश्नावर ठरते. सविस्तर धागा.

२/
आधी मूळ नोंद पाहू. जेधे शकावली ही जेधे देशमुखांच्या घराण्यात जपली गेलेली घटनांची टिपणवजा यादी. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली. तीत शिवरायांच्या जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तोवर बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही मिती प्रचलित होती. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही शके १५५१ लाच दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख याच फाल्गुन वद्य तृतीयेचे रूपांतर आहे. लक्षात घ्या : कागदावर ‘१९ फेब्रुवारी’ ही अक्षरे नाहीत. ती आपण काढली आहेत.

३/
आणि काढताना एक निवड केली आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन पद्धतीची तारीख. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. कॅथलिक देशांनी १५८२ पासून नवी पद्धत स्वीकारली, इंग्लंडने मात्र थेट १७५२ मध्ये. त्यामुळे वसई-चौलचे पोर्तुगीज आणि सुरतेचे इंग्रज एकाच दिवसाला दोन वेगळ्या तारखा घालत. त्यातही इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदले, म्हणजे त्यांच्या लेखी तो फेब्रुवारी अजून १६२९ चाच! दिवस एक, वार एक, तारखा मात्र लिहिणाऱ्याप्रमाणे वेगळ्या.

४/
आता संगणकाकडे वळू. तारखा लिहिण्याचा जो आंतरराष्ट्रीय प्रघात संगणक पाळतात, त्यात वर्ष-महिना-दिवस हा क्रम असतो आणि पद्धत ग्रेगोरियन गृहीत धरलेली असते, मग साल कितीही जुने असो. त्या चौकटीत १६३०-०२-१९ असे भरले, तर संगणक वार काढील मंगळवार. शकावली म्हणते शुक्रवार. म्हणजे सर्वांना पाठ असलेली तारीख आपण निष्ठेने भरली आणि तिथेच नोंद दहा दिवसांनी चुकली. त्या चौकटीत १६३०-०३-०१ भरले की शुक्रवार परत येतो. चूक शकावलीची नाही आणि संगणकाचीही नाही. कोणती माहिती कोणत्या चौकटीत जाते, हे आपण ठरवले नव्हते, ही खरी चूक.

५/
ही चौकट म्हणजे काय, ते आपल्याच दफ्तरखान्याच्या भाषेत समजून घेऊ. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमालाच्या आत मूळ कागद, बाहेर ओळख पटवणारी चिठ्ठी. संगणकासाठी मजकुरावर खुणा करण्याची रीत तशीच आहे. ‘हा दिनांक’, ‘हे गावाचे नाव’, ‘हा खोडलेला शब्द’ असे सांगणारी खूण म्हणजे घटक, तो रुमाल. त्या घटकाविषयीची जास्तीची माहिती म्हणजे गुणधर्म, ती चिठ्ठी. साधा संकेत असा : कागदावर जे दिसते ते रुमालाच्या आत, आणि वाचणाऱ्याला जे कळले ते चिठ्ठीवर. संकेत साधा असला, तरी कोणत्या रुमालावर कोणती चिठ्ठी लावायची यावर जगभरच्या विद्वानांनी तीसहून अधिक वर्षे खल केला आहे.

६/
त्या खलाचा आरंभ नोव्हेंबर १९८७ मधला. अमेरिकेतील पकीप्सी गावी, व्हॅसार कॉलेजात, भाषा आणि साहित्याचे संगणकीय अभ्यासक एकत्र जमले. तोवर प्रत्येक विद्यापीठाची खुणा करण्याची रीत वेगळी; एकाचे काम दुसऱ्याला वाचता येत नसे. त्या बैठकीतून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, संक्षेपाने टीईआय, हा उपक्रम उभा राहिला. मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन आणि लू बर्नार्ड हे त्याचे संपादक. १९९४ मध्ये त्यांची पी-थ्री ही सविस्तर नियमावली आली, २००२ मध्ये एक्सएमएलला अनुसरणारी पी-फोर आणि २००७ मध्ये पी-फाइव्ह, जी सुधारत सुधारत आजही चालू आहे. हस्तलिखिते, शिलालेख, पत्रे, नाटके, कोश अशा नाना प्रकारच्या साहित्यासाठी ती जगभर वापरली जाते.

७/
पण मूळ प्रश्न पाश्चात्त्यांनी प्रथम विचारला असे समजू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच कोडे होते. मोडीतील पत्र बाळबोधीत छापायचे. मग लेखकाची अशुद्धे ठेवायची की सुधारायची? फाटलेल्या जागी काय छापायचे? तर्काने काढलेला दिवस कोठे द्यायचा? राजवाड्यांचा कल मूळ कागद जसाच्या तसा छापण्याकडे होता. संपादकाचे बोलणे कंस, मथळा, तळटीप आणि प्रस्तावना यांत. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि ही शिस्त पुढच्या पिढ्यांच्या अंगवळणी पडली. कंस आणि तळटीप हे छापखान्यातले गुणधर्मच होत.

८/
ही शिस्त सुटली की काय होते, याचे उदाहरण पनवेलच्या शेजारी, पेण तालुक्यातील वरसई गावचे आहे. तेथील विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र वैद्यांनी भाषेवर हात फिरवला होता, काही मजकूर गाळला होता, काही घातलाही होता. इंग्रजी अमलात असे पुस्तक काढणे जोखमीचे होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण वाचकाला गोडसे कोठे थांबतात आणि वैद्य कोठे सुरू होतात, हे कळण्याची सोय नव्हती. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता छापली, तेव्हा ते अंतर उघड झाले. जवळजवळ साठ वर्षे!

९/
वैद्यांच्या प्रतीत उणीव होती ती एका चिठ्ठीची : ‘हा फेरफार माझा.’ टीईआयने यासाठी घटकाला ‘जबाबदार कोण’ आणि ‘खात्री किती’ असे दोन गुणधर्म जोडण्याची सोय केली. फाटका शब्द संपादकाने भरला, तर भरणाऱ्याचे नाव आणि त्याच्या विश्वासाची मात्रा त्याच शब्दाला चिकटून राहते. शब्द कोठेही नेला, कोणत्याही संग्रहात शोधला, तरी ती चिठ्ठी सुटत नाही. छापील पुस्तकातील तळटीप मात्र उतारा नक्कल करणारा सहज मागे ठेवून जातो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘अस्सल पत्रां’ची काय गत होते, ते आपण रोज पाहतोच.

१०/
मग सगळीच माहिती चिठ्ठीवर लिहावी काय? आरंभी तसे झाले आणि ते अंगलट आले. समजा, लेखकाने घाईत ‘पनवल’ लिहिले. जुन्या पद्धतीत चुकलेला शब्द रुमालात आणि ‘पनवेल’ हे शुद्ध रूप चिठ्ठीवर. किंवा उलट : शुद्ध रूप आत, चुकलेले चिठ्ठीवर. संक्षेपाचेही तेच, संक्षेप आत, फोड चिठ्ठीवर. सोयीचे दिसते. पण चिठ्ठीचा एक जन्मजात दोष असतो. तीवर फक्त सरळ अक्षरे मावतात. चिठ्ठीला दुसरी चिठ्ठी लावता येत नाही आणि चिठ्ठीत रुमालही बांधता येत नाही. शुद्ध केलेल्या रूपातच एखादे स्थलनाम असेल, अर्धे अक्षर संशयित असेल, तर ते सांगायचे कोठे?

११/
म्हणून २००७ च्या पी-फाइव्हमध्ये मोठा फेरबदल झाला. ज्या गुणधर्मांत मजकूर भरला जाई, ते काढून टाकले. त्यांच्या जागी दोन भावंडे आली : मूळ रूपाचा एक रुमाल, सुधारलेल्या रूपाचा दुसरा, आणि दोन्ही ‘पर्याय’ नावाच्या एका मोठ्या रुमालात शेजारी शेजारी. आता प्रत्येकाला स्वतःची चिठ्ठी लावता येते. या निर्णयामागे एक कारण असे होते की, काही लिप्यांची अक्षरे संगणकाच्या वर्णसंचात नव्हतीच. अशा अक्षरासाठी स्वतंत्र घटक वापरावा लागे आणि घटक गुणधर्मात शिरू शकत नाही. आपल्या मोडीची अवस्था त्या वेळी अगदी हीच होती.

१२/
मोडी युनिकोडमध्ये आली ती २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी मांडला होता. तेथेही प्रश्न गुणधर्मांचाच होता. मोडीचे यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन असे टप्पे आपण मानतो. मग शिवकालीन ‘क’ आणि पेशवेकालीन ‘क’ ही दोन अक्षरे की एकाच अक्षराची दोन वळणे? निर्णय असा झाला की अक्षर एकच. वळण ही टंकाची बाब. उलट, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखक फारसा पाळत नसत, तरीही दोन्ही इकार आणि दोन्ही उकार वर्णसंचात वेगळे ठेवले गेले. भेद करणाऱ्याला तो करता यावा. न करणाऱ्यावर सक्ती नसावी.

१३/
याच्याही आधीचा एक प्रयोग भारतीय आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ वर्णसंचात ‘ॲट्रिब्यूट’ याच नावाचे एक चिन्ह होते. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना त्यात एकच संकेतावली होती. मजकुराच्या ओघात हे चिन्ह यायचे आणि पुढच्या अक्षराने सांगायचे : येथून देवनागरी, येथून गुजराती, येथून ठळक, येथून तिरके. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे ही पद्धत सरकारी कार्यालयांत रुजली. कल्पना देखणी होती. पण ओळीच्या मधून एक तुकडा कापून दुसरीकडे नेला की ते चिन्ह मागे राही आणि देवनागरीतला मजकूर भलत्याच लिपीत उमटण्याचा धोका उभा राही. चिठ्ठी रुमालाला न लावता वाटेत टाकून दिल्यासारखे.

१४/
युनिकोडने इस्कीची मांडणी उचलली, पण गुणधर्म-चिन्ह नाकारले. लिपी कोणती, हे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातच ठरले. ठळकपणा, तिरकेपणा हे मजकुराच्या बाहेर गेले. भाषाही बाहेर गेली, आणि तिथे मराठीला थोडी झळ बसली. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे, पण क्रमांक एकच. तुमच्या पडद्यावर परकी वळणे दिसत असतील, तर बहुधा मजकुरावर ‘भाषा : मराठी’ ही चिठ्ठी कोणी लावलेली नसते, किंवा ती वाचून वळण बदलण्याची सोय त्या टंकात नसते. टीईआयमध्ये भाषेचा हा गुणधर्म कोणत्याही घटकावर लावता येतो, कारण शब्दापासून ग्रंथापर्यंत कशालाही भाषा असू शकते.

१५/
काही गुण मात्र चिठ्ठीवर सोडून चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पनवेलकराला एकीकडे खाडी आणि दुसरीकडे सह्याद्री. त्याला हा भेद समजावून सांगायला नको! डोळ्यांना दिसते ती ‘र’ची दोन वळणे, रफार आणि आडवा ‘र’. पण येथे वळण बदलले की अर्थ बदलतो. म्हणून आडव्या ‘र’साठी वर्णसंचात ‘ऱ’ हे निराळे अक्षर वापरले जाते. यातून एक कसोटी मिळते. फरकाने अर्थ बदलत असेल, तर तो मजकुरातच हवा. केवळ रूप बदलत असेल, तर चिठ्ठी पुरे.

१६/
आता एक काल्पनिक, पण नमुनेदार मोडी कागद घेऊ. सुरुवातीस ‘मौ॥ अमुक प्र॥ पनवेल’. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, यात शंका नाही. ‘प्र॥’ मात्र प्रांत असू शकतो, परगणाही असू शकतो. घाईचा वाचक ‘प्रांत पनवेल’ असे उतरवून मोकळा होतो, आणि त्याची नक्कल वाचणाऱ्याला वाटते की कागदातच ‘प्रांत’ लिहिले आहे. त्यातून पनवेल त्या काळी प्रांताचे ठाणे होते, असा निष्कर्ष निघतो आणि तो पुढे एखाद्या लेखात जातो. शिस्तशीर पद्धतीत ‘प्र॥’ एका रुमालात, ‘प्रांत’ ही फोड शेजारच्या रुमालात, आणि फोडीवर चिठ्ठी : खात्री कमी. निष्कर्ष काढणाऱ्याला निदान थांबून विचार करावा लागतो.

१७/
कागदाच्या शेवटी काळ असतो, आणि येथे खरी कसोटी लागते. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन येतो. तोही अंकांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : सुहूर ११६१. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. इसवी सन काढताना वर्षारंभीच्या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा दिवस याच सालातला : शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. शिवाय पत्रांत ‘छ’ हे अक्षर आणि पुढे मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी येते. एका दिवसावर तीन-तीन कालगणना नांदतात.

१८/
अशा दिनांकासाठी टीईआयमध्ये दोन गुणधर्म आहेत. ‘केव्हा’ यात संगणकाला समजणारी ग्रेगोरियन तारीख. ‘कालगणना’ यात सुहूर, शक, हिजरी वगैरे नाव. पण ‘कालगणना’ कशाचे वर्णन करते? पुष्कळांना वाटे, ती ‘केव्हा’चे वर्णन करते, म्हणजे ‘कालगणना : ज्युलियन’ लिहिले की ‘केव्हा’मध्ये १६३०-०२-१९ भरायला हरकत नाही. नियमावली याच्या उलट सांगते. ‘कालगणना’ ही रुमालाच्या आतील, कागदावर लिहिलेल्या शब्दांची ओळख आहे. तिच्यामुळे ‘केव्हा’चा अर्थ बदलत नाही. दुसऱ्या पद्धतीची तारीख आकड्यांत द्यायची असेल, तर त्यासाठी निराळे गुणधर्म ठेवले आहेत. थोडक्यात, एक चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीवर बोलत नाही. प्रत्येक चिठ्ठी रुमालाविषयीच बोलते.

१९/
यातून पुढचा तिढा निघाला. काळाशी संबंध येणारे घटक पुष्कळ : जन्म, मृत्यू, घटना, निवास, पद, नावसुद्धा. सोयीसाठी काळाचे सर्व गुणधर्म एका गटात बांधून तो गट या साऱ्यांना दिला होता. त्यामुळे ‘कालगणना’ ही चिठ्ठी माणसाच्या नावावर आणि घराच्या पत्त्यावरही लावता येऊ लागली. ‘वासुदेव बळवंत फडके’ हे नाव कोणत्या कालगणनेत लिहिले आहे? प्रश्नच निरर्थक! फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. तो दिवस जन्माच्या घटकाला जोडणे योग्य. पण कालगणना असते ती लिहिलेल्या दिनांकाला. अलीकडच्या आवृत्त्यांत हा गुणधर्म मोठ्या गटातून काढून दिनांकवाचक घटकांपुरता ठेवला आहे. एवढ्याशा बदलाला इतकी वर्षे का लागली? कारण जुन्या चिठ्ठ्या लावलेले असंख्य कागद जगभर पडून होते, आणि ते एका रात्रीत चुकीचे ठरवता येत नव्हते.

२०/
हाच विवेक स्थलनामांना लावू. ‘पनवेल’ या शब्दावर ‘जिल्हा : रायगड’ अशी चिठ्ठी लावावी काय? १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात आले. कुलाब्याचे नाव रायगड झाले १९८१ मध्ये. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. आता कागद पेशवाईतला असेल, तर यांतले काहीच त्या शब्दाचे अंग नाही. जिल्हा हा शब्दाचा गुण नसून ठिकाणाचा आहे, आणि तोही काळानुसार बदलणारा. म्हणून शब्दावर चिठ्ठी एकच, ठिकाणाच्या स्वतंत्र नोंदीकडे बोट दाखवणारी. सारा इतिहास त्या नोंदीत, सालवार.

२१/
शेजारचा कर्नाळा घ्या. १६५७ मध्ये तो शिवरायांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. ‘कर्नाळा’ या नावावर ‘सत्ता : मराठे’ ही एक चिठ्ठी कायमची चिकटवली, तर १६६६ च्या पत्रातील कर्नाळाही मराठ्यांचाच दिसेल. नकाशे काढणारे तरुण मित्र येथेच फसतात. एका घटकावर एका नावाचा गुणधर्म एकदाच येऊ शकतो, हा संगणकाचा कडक नियम. जे गुण काळाबरोबर बदलतात किंवा ज्यांविषयी मतभेद आहेत, ते चिठ्ठीवर न लिहिता स्वतंत्र घटक म्हणून मांडावे लागतात. शके १५४९ आणि शके १५५१ ही दोन्ही जन्मनोंदींची मते तशीच, आधारासह आणि खात्रीच्या मात्रेसह, शेजारी ठेवता येतात.

२२/
मापांचेही तसेच. भाताच्या नोंदीत ‘खंडी’ आली की नवखा नकलनवीस तिचे किलोग्रॅम करतो. वीस मणांची खंडी आणि चाळीस शेरांचा मण हे गणित खरे, पण शेर गावोगाव वेगळा. म्हणून संख्या, एकक आणि वस्तू हे तीन गुणधर्म मापाच्या घटकाला दिलेले आहेत. संख्या दोन, एकक खंडी, वस्तू भात, एवढेच लिहून थांबावे. किलोग्रॅम हा शोधनिबंधाचा विषय आहे. तो कागदाच्या तोंडी घालू नये.

२३/
हे सारे अभ्यासकांचे चोचले वाटत असतील, तर आपल्या तालुक्याकडे पाहा. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल-उरणकडच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जमिनीचा प्रश्न आला की घरोघरचे जुने कागद बाहेर निघतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर मागणी आली. अशा ठिकाणी एका संक्षेपाची फोड, एका सालाचे रूपांतर किंवा एका पुसट अक्षराचे वाचन यावर माणसांचे हक्क अवलंबून असतात. तेथे ‘कागदात असे लिहिले आहे’ आणि ‘मी असे वाचले’ ही दोन विधाने एकमेकांत मिसळली, तर नुकसान त्या कुटुंबाचे होते.

२४/
तुमच्या घरात, नातलगांकडे, देवळाच्या पेटीत मोडी कागद असेल, तर संगणकाच्या खुणा न शिकताही हा विवेक पाळता येईल. प्रथम कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या. मग ओळीला ओळ ठेवून जसेच्या तसे उतरवा. अशुद्ध सुधारू नका, संक्षेप फोडू नका, सुहूर सनाचे शब्द तसेच राहू द्या. तुमची फोड, तुमची तारीख, तुमचा तर्क वेगळ्या रकान्यात लिहा आणि खाली स्वतःचे नाव घाला. प्रत्येक तर्कापुढे खात्री किती, तेही नोंदवा. तारीख दिली, तर ती ज्युलियन की ग्रेगोरियन, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२५/
आणि कोणतीही माहिती कोठे ठेवावी हे सुचेनासे झाले, तर तीन प्रश्न विचारा. हे कागदावर दिसते की मला कळले आहे? हा गुण या शब्दाचा आहे की शब्द ज्याचे नाव घेतो त्या वस्तूचा? आणि उद्या कोणी पुराव्यासह वेगळे मत मांडले, तर त्याला येथे जागा उरली आहे का?
फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती करा किंवा १९ फेब्रुवारीला. मुजरा दोन्ही दिवशी सारखाच पोचतो. पण नोंद करताना तिथी कागदाच्या पदरात राहू द्या आणि तारखेखाली आपली सही करा.

धागा समाप्त. घरच्या एखाद्या कागदात ‘प्र॥’, ‘छ’ किंवा सुहूर सनाचे शब्द आढळले असतील, तर खाली जरूर लिहा. पण आधी जसेच्या तसे, आणि फोड त्यानंतर.

#इतिहास #मोडी #पनवेल #कालगणना